सोलापुरी टेरी नॅपकिन: उन्हातल्या सव्वाशे किलोमीटरसाठी

सायकलस्वारांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या उन्हाळी वस्तूंवर गेल्या काही वर्षांत मी बराच पैसा खर्च केला आहे. उन्हापासून हात झाकणाऱ्या बाह्या, टोप्या, गळपट्टे, दुहेरी भिंतीच्या बाटल्या यांपैकी काही वस्तू चांगल्या निघाल्या, काही कपाटात पडून आहेत. परंतु एप्रिलच्या उन्हात सोलापूर, नळदुर्ग, तुळजापूर आणि परत सोलापूर अशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपासची फेरी एकट्याने पूर्ण करताना जिच्यावाचून माझे खरोखर अडले असते, ती वस्तू सायकलीच्या दुकानात मिळत नाही. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत, एका टॉवेल कारखान्याला लागून असलेल्या विक्री केंद्रात ती मला सत्तर रुपयांना मिळाली. ती वस्तू म्हणजे हात पुसण्याचा साधा सोलापुरी टेरी नॅपकिन. दोन उन्हाळे वापरल्यानंतर त्याच्याविषयी सविस्तर लिहावे, असे मला मनापासून वाटते.

नॅपकिन ४० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर लांब आहे, निव्वळ सुती आहे, रंगाने पांढरा असून दोन्ही टोकांना निळी पट्टी आहे. घरातल्या काट्यावर तो कोरडा ९४ ग्रॅम भरला. पूर्ण भिजवून, ठिबकणार नाही इतपत पिळून पुन्हा ठेवला तेव्हा काट्याने २९० ग्रॅम दाखवले. म्हणजे जवळजवळ पेलाभर पाणी त्याने धरून ठेवले होते. हे पाणी तो धरतो कसे, ते त्याच्या विणीत पाहावे लागते. टेरी विणीत ताण्याचे, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचे, दोन संच असतात. एक संच ताठ ओढलेला असतो आणि तो कापडाची जमीन धरतो. दुसरा सैल सोडलेला असतो, आणि मागाची फणी बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे पुढे ठोकते तेव्हा या सैल ताण्याचे फासे कापडाच्या दोन्ही अंगांना वर उभे राहतात. कापसाला पाण्याची मुळातच ओढ असते. या फाशांमुळे पाण्याला चिकटायला कित्येक पट जागा मिळते आणि फाशांच्या मधून वाराही खेळतो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन आहे, हे आपण सोलापूरकर बाहेरगावच्या पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. शहरातल्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या, तरी पूर्व भागातल्या यंत्रमागांचा खडखडाट अजून ऐकू येतो. त्या मागांवर विणलेले कापड घरोघरी अंग पुसायला वापरले जाते. मी मात्र ते सायकलीवर नेऊ लागलो.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट शिकायला मिळाली. विक्री केंद्रात मी सवयीने सर्वांत मऊ, गुबगुबीत नॅपकिन उचलला होता. काउंटरवरच्या वयस्कर गृहस्थांना मी विचारले, "अण्णा, यातला सगळ्यांत जास्त पाणी धरणारा कोणता?" त्यांनी माझ्या हातातला नॅपकिन काढून घेतला आणि मागच्या फळीवरचा एक साधा नॅपकिन पुढे ठेवला. "साहेब, तो हाताला मऊ लागतो, पण तो मऊपणा वरून दिलेला आहे. हा थोडा खरखरीत आहे. तीन पाण्यांतून काढा, मग बघा कसा पितो ते." घरी येऊन मी नव्या नॅपकिनवर पाण्याचा एक थेंब सोडला. तो मण्यासारखा फाशांवर बसून राहिला, हळूहळू कडेने पसरला आणि मग आत गेला. पहिल्या धुण्यात बादलीत पांढरी लव बरीच तरंगली, दुसऱ्या धुण्यात ती कमी झाली. तिसऱ्यांदा धुऊन वाळवल्यानंतर तसाच थेंब सोडला, तर तो टेकताक्षणी नाहीसा झाला आणि रुपयाएवढा ओला डाग उमटला. नवा नॅपकिन थेट फेरीवर नेऊ नये, असे मी सांगतो ते यासाठी.

या नॅपकिनकडे मी वळलो, त्यामागे त्याआधीच्या वर्षीचा एक वाईट अनुभव आहे. त्या एप्रिलमध्ये मी सायकलस्वारांसाठीचा म्हणून विकला जाणारा एक कृत्रिम धाग्याचा गळ्याभोवतीचा टॉवेल ऑनलाइन मागवला होता. किंमत चारशे रुपये होती आणि वेष्टनावर तासन्‌तास थंडावा मिळेल असे छापलेले होते. तो हलका होता, दिसायला सुबक होता आणि ओला करून झटकल्यावर पहिली काही मिनिटे खरोखर गार लागत होता. परंतु गुळगुळीत धाग्यात पाणी मुरत नाही, ते वरवर राहते. आपल्याकडच्या कोरड्या वाऱ्यात तो पाव तासात वाळून जाई आणि मग गळ्याभोवती एक गरम पट्टी तेवढी उरे. नळदुर्गहून तुळजापूरकडे जाताना, साडेअकराच्या सुमारास, एका चढावर माझ्या दंडांवर अचानक काटा आला. एवढ्या उन्हात अंगावर शहारा येणे आणि घाम थांबल्यासारखा वाटणे ही शरीराने दिलेली गंभीर सूचना असते, हे मला माहीत होते. मी लगेच उतरलो, रस्त्याकडेच्या लिंबाखाली आडवा झालो, जवळच्या वस्तीवरून कळशीभर पाणी मागून आणून डोक्यावर ओतले आणि तासाभराने एका मालवाहू टेम्पोतून तुळजापूर गाठले. त्या दिवशी मी सोलापूरहून निघायलाच उशीर केला होता आणि पाणीही कमी घेतले होते. सगळा दोष टॉवेलचा नव्हता. तरीही ज्या वस्तूच्या भरवशावर मी तो धोका पत्करला, तिने वेष्टनावरचे वचन पाळले नाही. विक्रेत्याला मी तपशीलवार पत्र लिहिले. वापरण्याची पद्धत चुकली असावी, एवढेच उत्तर आले आणि पैसे परत मिळाले नाहीत.

ओले सुती कापड आपल्या भागात इतके कामाचे का ठरते, हे थोडे आकड्यांत सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावाचून हे परीक्षण केवळ आवडीनिवडीचे होईल. सायकल चालवताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातला जेमतेम पाव भाग पेडलपर्यंत पोहोचतो; उरलेल्या सगळ्याची उष्णता होते आणि ती शरीराबाहेर टाकावीच लागते. हवा त्वचेपेक्षा गार असेल तोवर वारा ही उष्णता वाहून नेतो. परंतु घामेजलेल्या त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते आणि सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ४० च्या वर जाणे नित्याचे आहे. अशा वेळी तोंडावर येणारा वारा उष्णता नेत नाही, उलट देतो. मग बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता शोषली जाते. शरीर त्यासाठी स्वतःचे पाणी घामाच्या रूपाने खर्च करते आणि कष्टाच्या कामात हा खर्च ताशी एक लिटरच्याही पुढे जाऊ शकतो. मानेवरचा ओला नॅपकिन हेच काम बाहेरून आणलेल्या पाण्यावर करतो. त्यातली बरीचशी उष्णता वाऱ्यातून घेतली जाते, सगळी शरीरातून जात नाही, हे मान्य केले पाहिजे. तरी मानेला, कानांमागे आणि गळ्याच्या शिरांजवळ गार कापड टेकलेले असते, आणि त्याचा परिणाम काही क्षणांत जाणवतो.

आपल्याकडची हवा कोरडी आहे, ही या बाबतीत मोठी अनुकूल गोष्ट आहे. हवा ४१ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर सावलीत वाऱ्यावर धरलेल्या ओल्या फडक्याचे तापमान २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकते. किनारपट्टीवर हवा ३३ अंश असली तरी आर्द्रता ७० टक्के असेल, तर तेच फडके २८ अंशांच्या खाली येत नाही. माठ, सुरई, खिडकीला लावलेले वाळ्याचे पडदे, जीपगाडीच्या पुढे टांगलेली पाण्याची छागल या सगळ्यांचे काम याच तत्त्वावर चालते, आणि ही सगळी कोरड्या मुलखातच खरी उपयोगी पडतात. म्हणून कोकणातल्या किंवा मुंबईच्या सायकलस्वारांना मी हा नॅपकिन तितक्याच खात्रीने सुचवणार नाही. आपल्याकडेही मृगाच्या आधी ढग भरून येऊ लागले आणि हवा दमट झाली, की त्याचा गुण उतरतो. गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात तो दीड तास ओलाच राहिला आणि मानेवर नुसता ओझ्यासारखा पडून होता.

आता प्रत्यक्ष फेरीविषयी. उन्हात जायचेच कशाला, असा प्रश्न घरच्यांनीही विचारला होता आणि तो रास्त आहे. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी; २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते. पहाटे निघाले तरी ती पूर्ण करताना दुपार टळत नाही. त्यामुळे ज्याला उन्हाळ्यात ब्रेव्हे करायची आहे, त्याला दुपारची सवय आणि दुपारची साधने दोन्ही आधी तपासून घ्यावी लागतात. मी सकाळी सहाला निघालो. हैदराबाद रस्त्यावर बोरामणी, इटकळ, अणदूर ही गावे मागे टाकत साडेआठला नळदुर्ग गाठले. इथपर्यंत नॅपकिन कोरडाच, घडी करून पाठीमागच्या खिशात होता. सकाळी तो भिजवण्यात अर्थ नसतो, कारण तोवर घाम आणि वारा यांचे जमलेले असते. किल्ल्यात अर्धा तास थांबलो. बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात बांधलेला पाणीमहाल एप्रिलमध्येही आतून गार असतो. पावसाळ्यात त्या बांधावरून नर-मादी धबधबे कोसळतात तेव्हा लोकांची गर्दी होते, उन्हाळ्यात मात्र तिथे निवांतपणा असतो.

नळदुर्ग ते तुळजापूर हा टप्पा तीस-बत्तीस किलोमीटरचाच आहे, परंतु संपूर्ण फेरीचा कस तिथेच लागतो. बालाघाटच्या डोंगररांगेचा हा माळ सपाट दिसतो आणि सपाट मुळीच नसतो. एक चढ संपून पलीकडे थोडा उतार मिळतो, पुढे पुन्हा चढ उभा असतो. दोन्ही अंगांना ज्वारी काढलेली रिकामी रानं, कडब्याच्या गंजी, मधूनच एखादे लिंबाचे किंवा बाभळीचे झाड. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या थोडे वर आहे आणि तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे दिवसभरात निव्वळ दोनशे मीटरचीच उंची गाठायची असते, पण चढउतारांनी ती अनेकदा कमवावी आणि गमवावी लागते.

साडेनऊला नळदुर्ग सोडताना मी नॅपकिन पहिल्यांदा भिजवला. वापरण्याची माझी पद्धत अशी आहे: नॅपकिनची एक कड हेल्मेटच्या मागच्या पट्टीखाली सरकवायची, मधला भाग मानेवर आणि दोन्ही कानांवर सोडायचा आणि खालची दोन टोके जर्सीच्या कॉलरच्या आत व्यवस्थित खोचायची. कापडाचा कोणताही भाग मोकळा लोंबता कामा नये. मोकळे टोक वाऱ्याने तोंडावर येते, मागचे वाहन पाहायला मान वळवताना आड येते, आणि लांब पंचा किंवा उपरणे घेतले असेल तर ते चाकात जाण्याचा धोका असतो. ६० सेंटिमीटरची लांबी यासाठी नेमकी पुरते. मोठा टॉवेल अधिक पाणी धरेल, पण तो सायकलीवर सुरक्षित नाही.

सपाटीवर ताशी बावीस-तेवीस किलोमीटरच्या वेगात असा भिजवलेला नॅपकिन मला चाळीस ते पन्नास मिनिटे पुरला. आधीच्या कृत्रिम टॉवेलच्या जवळजवळ तिप्पट. चढावर मात्र वेगळा अनुभव आला, आणि तो कोणत्याही जाहिरातीत वाचायला मिळत नाही. वेग ताशी नऊ-दहावर आला आणि पाठीमागून तेवढाच वारा असला, की सायकलस्वाराच्या अंगाला वारा लागतच नाही. हवा जागच्या जागी थांबल्यासारखी होते, घाम हनुवटीवरून थेंबथेंब सायकलीच्या नळीवर पडू लागतो, आणि नॅपकिन ओला असूनही गार राहत नाही. अशा दोन चढांवर मी तो हेल्मेटखालून काढला, बाटलीतले थोडे पाणी ओतून पुन्हा चिंब केला आणि तोंड, दंड, मांड्या त्याने पुसून घेतल्या. फाशांतून निघणारे पाणी कातडीवर पातळ थरासारखे पसरते; नुसते पाणी ओतले तर ते ओघळून डांबरावर जाते. पुसण्यासाठीच विणलेले हे कापड पाणी तितक्याच सहज परतही देते, हे माझ्या दृष्टीने त्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य ठरले. मागच्या वर्षी ज्या चढावर काटा आला होता, तो चढ या वेळी मी न उतरता, शांत श्वासाने पार केला. वर पोहोचल्यावर थांबून मी हात पाहिले. त्यांच्यावर घाम होता आणि कातडी ओलसर होती. मला तेवढे समाधान पुष्कळ होते.

दुसरा नॅपकिन मी बाटलीसाठी घेतला होता. गल्लीतल्या शिंप्याने तो कापून बाटलीच्या मापाची पिशवी शिवून दिली आणि तीस रुपये घेतले. पाऊण लिटरच्या साध्या प्लास्टिकच्या बाटलीला हे ओले आवरण घातले आणि शेजारी तशीच उघडी बाटली ठेवली. तुळजापूरला पोहोचण्याआधी तासभर दोन्ही बाटल्या उन्हात आणि वाऱ्यात होत्या. स्वयंपाकघरातला तापमापक मी मुद्दाम बरोबर नेला होता. उघड्या बाटलीतले पाणी ३८ अंश निघाले, आवरणातले २७ अंश. ३८ अंशांचे पाणी घशाखाली उतरत नाही. माणूस घोटभर घेऊन बाटली परत ठेवतो आणि नकळत कमी पितो. २७ अंशांचे पाणी माठातल्यासारखे लागते आणि आपोआप जास्त प्यायले जाते. माझ्या मते आवरणाचा खरा फायदा हाच आहे. मात्र आवरणामुळे बाटली जाड होते आणि नेहमीच्या बाटलीधारकात घट्ट अडकते. मला एका बाजूचा धारक बदलून रुंदी कमी-जास्त करता येणारा घ्यावा लागला. दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली पाणी यापेक्षा कितीतरी गार ठेवते यात शंका नाही, परंतु ती जड असते, चालत्या सायकलीवर दाबून पिता येत नाही आणि पाणी संपल्यावर नुसते ओझे उरते. मी अशी एकच बाटली नेतो, तीही दुपारसाठी बर्फ घालून.

बाहेरचे पाणी आतल्या पाण्याची जागा घेऊ शकत नाही, हे इथे ठळकपणे सांगितले पाहिजे. मानेला गार लागू लागले की तहान कमी झाल्याचा भास होतो, आणि हा या वस्तूचा छुपा धोका आहे. दर पंधरा मिनिटांनी घड्याळ पाहून मी पाणी प्यायलो. नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम पातळ होते, म्हणून एका बाटलीत कायम जलसंजीवनी ठेवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पुडीवर हे प्रमाण तपासून घ्यावे, कारण नावाने तशीच वाटणारी गोड पेयेही शेजारीच ठेवलेली असतात. खाण्यासाठी कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेली होती. चटणीतले मीठ आणि शेंगदाण्याचे तेल यांनी जो आधार दिला, तो चॉकलेटच्या वड्यांनी मला कधी दिलेला नाही. त्या वड्या या उन्हात खिशात वितळूनही जातात. आणि कोणाला भोवळ, असंबद्ध बोलणे, घाम थांबणे अशी लक्षणे दिसू लागली, तर ओल्या नॅपकिनवर विसंबून पुढे जाऊ नये. सावलीत थांबून अंगभर पाणी ओतावे आणि तातडीने डॉक्टर गाठावा.

तुळजापुरात मी पावणेबाराला पोहोचलो, महाद्वाराबाहेरूनच आईला हात जोडले आणि सावलीत सव्वातीनपर्यंत थांबलो. उरलेले पंचेचाळीस किलोमीटर घाट उतरून, तामलवाडीमार्गे सोलापूरपर्यंत. घाटाच्या उतारावर भिजवलेला नॅपकिन इतका गार होतो की क्षणभर दचकायला होते. तिथे टोके नीट खोचली आहेत ना, हे उतार सुरू होण्याआधीच पाहून घ्यावे, कारण उतारावर दोन्ही हात ब्रेकवरच हवेत. सपाटीला लागल्यावर सोलापूरपर्यंत तो आणखी दोनदा भिजवला, एकदा एका पाणपोईवर आणि एकदा रसवंतीगृहाच्या नळावर.

आता दोष. पहिला दोष रंगाचा. सुरुवातीला मी पांढऱ्याबरोबर एक गर्द तांबडा नॅपकिनही घेतला होता. तो घामाने आणि पाण्याने सुटला आणि फिकट जर्सीच्या पाठीवर गुलाबी ओघळ उमटले, ते आजतागायत गेलेले नाहीत. सायकलीसाठी पांढराच घ्यावा. दुसरा दोष काठाचा. लांबीच्या दोन टोकांना दुमडून घातलेली शिवण जाड असते, आणि ती कड मानेच्या मणक्यावर आली तर मिठाच्या पुटामुळे तिथे घासून लाल पट्टा पडतो. मी आता शिवणीची कड हेल्मेटखाली आणि सपाट भाग मानेवर ठेवतो, शिवाय निघण्यापूर्वी मानेला थोडे खोबरेल लावतो. तिसरा दोष सायकलस्वारांना विशेष जाणवेल: हातमोज्यांच्या आणि हेल्मेटच्या आतल्या चिकटपट्टीत टेरीचे फासे अडकतात. ओढले की एक फासा लांब दोऱ्यासारखा बाहेर येतो आणि शेजारचे दोन-तीन फासे आत खेचले जातात. असा दोरा ओढू नये, कात्रीने बुडाशी कापावा. टेरीची वीण त्याने उसवत नाही. माझ्या नॅपकिनवर अशा चार टकल्या जागा आहेत, पण पाणी धरण्यात काही फरक पडलेला नाही.

निगा राखण्याविषयी थोडेसेच. फेरीहून आल्यावर नॅपकिन पिशवीत तसाच राहिला तर दुसऱ्या दिवशी त्याला असा कुबट वास येतो, की दोन धुण्यांतही तो पूर्ण जात नाही. लगेच साध्या पाण्यातून काढून वाऱ्यावर टाकावा. सोलापूरच्या उन्हात तो अर्ध्या तासात वाळतो. कपड्यांना मऊपणा आणणारे द्रव मुळीच वापरू नये, कारण तीन धुण्यांनी जे घालवले तेच त्यामुळे परत येते. बोअरच्या जड पाण्यात सतत धुतल्यास फाशांवर क्षार बसतात आणि कापड पापडासारखे ताठ होते. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे नेहमी गोडे पाणी वापरा असे मी कोणाला सांगू शकत नाही. महिन्यातून एकदा बादलीत चमचाभर लिंबूसत्त्व घालून त्यात नॅपकिन तासभर बुडवून ठेवला, की तो पुन्हा मोकळा होतो.

दोन उन्हाळ्यांनंतर माझा पहिला नॅपकिन थोडा विरळ झाला आहे आणि निळी पट्टी फिकट पडली आहे. परवा पुन्हा वजन केले: कोरडा ८७ ग्रॅम, भिजवून पिळलेला २७५ ग्रॅम. सत्तर रुपयांच्या वस्तूकडून याहून अधिक अपेक्षा करणे मला रास्त वाटत नाही. कारखान्याने याच विणीत, पण काठाची शिवण पातळ ठेवून आणि एका कडेला हेल्मेटच्या पट्टीत अडकवायला दोन नाड्या लावून नॅपकिन तयार केला, तर मी त्याला दुप्पट किंमत आनंदाने देईन. तसे मी अण्णांना सांगून आलो आहे आणि त्यांनी ते वहीत लिहूनही घेतले आहे. तोवर विक्री केंद्रात गेल्यावर मागच्या फळीवरचा, हाताला जरा खरखरीत लागणारा पांढरा नॅपकिन मागावा. एक मानेसाठी आणि एक बाटलीसाठी असे दोन घ्यावेत, आणि फेरी रविवारी करायची असेल तर खरेदी निदान आठवडाभर आधी करावी, म्हणजे तीन धुणी निवांत होतात.